दोन तांबे पाणी

२०१६ चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि जळकोटातल्या एका आळीत टँकरसाठी घागरी रांगेत लागल्या होत्या. त्याच दिवशी तिथल्या एका आजीच्या कडब्याच्या गंजीत धामण निघाली. नातवाने काठी न उचलता सर्पमित्राला बोलावलं, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं.

धामणीची कात अंगावरच फाटून चिकटली होती. डोळे अजून दुधाळ.

"दादा, ओढून काढू का?" विचारता विचारता नातवाने एक टोक ओढलंसुद्धा. खालचं कोवळं कातडं सोलून लाल झालं.

"काय करायलास! हवा कोरडी पडली की आतला ओलावा सुकतो, मग कात सुटत नाही. आजी, दोन तांबे पाणी द्या."

आजी उसळली. "माणसाला प्यायला नाही अन् सापाला आंघोळ? म्हशीचे पाय बांधून दूध पिणारी जात ती!"

"धामण दूध पीत नाही, उंदीर खाते," सर्पमित्र एवढंच म्हणाला. पण रांगेतल्या बायांपुढे ही चर्चा कोण वाढवणार? कुरकुरत का होईना, आजीने पाणी दिलं. सर्पमित्राने गोणपाट भिजवून भोकं पाडलेल्या ड्रममध्ये घातलं, शेजारी खरबरीत वीट ठेवली. साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी, म्हणून वन विभागाला कळवून रात्रीपुरताच मुक्काम. पोरगं सारखं झाकण उघडायला बघायचं. त्याला शेवटी दटावून झोपवावं लागलं.

विटेला तोंड घासून, गोणपाटाच्या घड्यांतून सरकत धामणीने पहाटेपर्यंत कात टाकली. उलट्या मोज्यासारखी ती कात सर्पमित्राने उजेडात धरली. डोळ्यावरचं पारदर्शक भिंग एकच निघालं होतं. दुसरं काढायला पोराने नख पुढे केलं.

"हात नको. सापाला पापणी नसते. उकरलंस तर डोळा जाईल. राहिलं तर पुढच्या कातेला निघेल."

शेपटीच्या टोकाला मात्र कातेचं कडं अडकलं होतं. ते आवळलं तर रक्त थांबून टोक झडतं. त्याने तिथे ओलं फडकं नुसतं सैल धरलं; धामण सरकली आणि कडं फडक्यात राहिलं.

"आता वेशीबाहेर सोडतो," तो पिशवी बांधत म्हणाला.

"उंदीर खाते म्हणालास ना?" आजीने विचारलं.

"खाते की."

"मग लांब कशाला नेतोस? गंजी इथंच हाय. पाणी आमचं पिलंय तिनं."