घराची भिंत, रस्त्याची शैली

रस्त्यावरच्या चित्रकलेतल्या बऱ्याच शैली घाईतून जन्मल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधली मुले भिंतीवर टोपणनाव लिहून पळ काढत. पुढे त्या अक्षरांना वळसे आणि बाण फुटले आणि जाणकारांनाच वाचता येणारी ‘वाइल्डस्टाइल’ तयार झाली. १९८०च्या सुमारास पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या कलाकाराने स्टेन्सिल हाती घेतले. त्यातही काम वेगाने उरके. पुठ्ठा घरीच कापायचा, भिंतीवर धरून स्प्रे मारायचा आणि निघायचे.

घराच्या दर्शनी भिंतीवर परवानगीने चित्र काढताना पकडले जाण्याची भीती नसते. मग शैलीला दुसरा आधार लागतो, आणि तो त्या भिंतीतच शोधावा लागतो.

दिल्लीच्या लोधी कॉलनीत हे नीट पाहता येते. ब्रिटिशांनी १९४०च्या दशकात सरकारी नोकरांसाठी बांधलेल्या या वसाहतीच्या भिंती ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६पासून रंगू लागल्या. जपानी चित्रकार आयको यांनी इथे झाशीची राणी स्टेन्सिलने साकारली. इथे स्टेन्सिल घाईसाठी आलेले नाही. रंगांची धारदार कड आणि लांबून ओळखू येणारी आकृती त्यातून मिळते. त्याहून विलक्षण काम ‘डाकू’ या टोपणनावाच्या कलाकाराचे आहे. त्याने इंग्रजी अक्षरे भिंतीला काटकोनात बसवली. ऊन योग्य कोनात आले की भिंतीवर सावलीचे शब्द उमटतात, ऊन सरकते तसे तिरके होतात आणि मावळतात. काळ सारे बदलतो, हा त्यांचा आशय सूर्यच लिहितो. घराच्या भिंतीला इतके नेमके उत्तर दुसऱ्या शैलीने क्वचितच दिले असेल.

हुबेहूब चेहऱ्यांची शैली लोकांना लगेच भुरळ घालते, पण आपल्या पावसात तीच सर्वांत नाजूक ठरते. ओल येऊन गिलाव्याचा पोपडा सुटला की सपाट रंगाचा पट्टा कुणीही रंगारी जुळवून देतो. गालावरची छटा मात्र मूळ चित्रकाराशिवाय जुळत नाही. भौमितिक आकृत्या आणि ठळक अक्षरे म्हणूनच घरांवर जास्त टिकतात.

लोधी कॉलनीतली घरे सरकारची आहेत आणि रहिवासी बदलत राहतात. स्वतःच्या घरावर चित्र काढून घेणाऱ्याला मात्र ते रोज पाहायचे असते. त्याने आधी भेगा बुजवून प्रायमर द्यावा, रेखाटन भिंतीवर खडूने उतरवून घ्यावे, ते सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावे, समोरच्या घरातल्यांनाही दाखवावे आणि मगच रंगाचा डबा उघडू द्यावा.