बेडकांचे वृंदगान आणि आपले मौन

पावसाच्या पहिल्या सरींनंतर डबक्याकाठी बेडकांचा जो गलका उठतो, तो आपणांस निव्वळ गोंगाट वाटतो. अभ्यासकांना मात्र त्यात शिस्त आढळली आहे. प्रत्येक जातीची साद निराळी असते आणि त्या जातीचा कान मुख्यत्वे त्याच सादेला जुळलेला असतो. कित्येक जातींचे नर शेजाऱ्याची साद संपताच, मधल्या निमिषात आपली साद घालतात. कारण दोन सादा एकमेकींत मिसळल्या, तर मादीला एकही नीट उमगत नाही.

मग बेडकाच्या या थांबण्यास सद्गुण म्हणावे काय? म्हणता येणार नाही. आपली साद वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच तो थांबतो. मानवी समाजही असाच स्वार्थाच्या तडजोडीवर चालतो, असे मानणारे विचारवंत आहेत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई करणारे २००० सालचे नियम आपण पाळतो, ते बहुधा दंडाच्या भयाने.

परंतु लालबाग-परळच्या चाळींनी आणखीही काही पाहिले आहे. गिरण्या चालू होत्या त्या काळी रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपलेला असे, तेव्हा शेजारच्या आया आपल्या पोरांना दबक्या आवाजात खेळायला लावीत. त्यात त्यांचा लाभ कोणता? माणसाचे माणूसपण तेथे सुरू होते.

बेडकांच्या अभ्यासातून आणखी एक धडा मिळतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ सह्याद्रीतील एका रातबेडकाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. या जातीची मादीसुद्धा साद घालते, हे सातारा जिल्ह्यातील हुंबरळी येथे रात्री जागून केलेल्या निरीक्षणांवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आवाज होताच, तो कानी पडण्यासाठी कोणीतरी अंधारात धीराने बसावे लागले.

आपल्या घरांत आणि धर्मग्रामाच्या सभांतही असे आवाज असतात. वृद्ध सासऱ्यांचा, नव्या सुनेचा, भाड्याच्या खोलीत नुकत्याच आलेल्या कुटुंबाचा. मोठ्या आवाजाच्या माणसांनी क्षणभर थांबल्याशिवाय ते ऐकू येत नाहीत. हे थांबणे आपल्या सोयीचे नसेल, वादात आपली बाजू लंगडी पडेल, कदाचित आपला ठरावही बारगळेल. तरीही थांबावे. आपली पाळी यावी म्हणून बेडूकही थांबतो. दुसऱ्याचे म्हणणे ऐकू यावे म्हणून थांबणे माणसाला शक्य आहे.