तो डबा आधी खाली ठेव

तो पावडरचा डबा बाकावर ठेव आणि त्यावरचं लेबल मोठ्याने वाच. घटकांची नावं अकरा, आणि खाली आकडा एकच: सगळं मिळून सात ग्रॅम. कॅफीन किती, लिहिलेलं नाही. बीटा-अ‍ॅलानिन किती, तेही नाही. बापाने दुधाच्या बिलातून पैसे काढून दिले आणि आपण पोटात काय घालतोय हे तुला सांगता येत नाही. वर मलाच ऐकवतोस, "सर, यामागे रिसर्च आहे."

आहे ना? मग तो नीट वाच. कॅफीनने फरक पडतो, मी कुठे नाही म्हणतो? पण प्रयोगात ते वजनाच्या किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम असं मोजून, धावण्याच्या तासभर आधी देतात. तू संध्याकाळी सातला अंदाजाने दोन चमचे ढोसतोस, मध्यरात्रीपर्यंत कूस बदलत पडतोस आणि पहाटे पाचला मैदानावर पेंगत येतोस. क्रिएटिनचंही तेच. खाल्लेलं क्रिएटिन स्नायूंत साठतं, हे रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवलं. पुन्हा पुन्हा थोडा वेळ पूर्ण जोर लावायच्या कामात त्याचा उपयोग होतो. पण स्नायूंत पाणीही धरतं आणि वजन किलोभर वाढू शकतं. भरतीत तुझे गुण जातात ते 1600 मीटरला. तो जादा किलो चारही फेऱ्या तुलाच वाहायचाय.

आणि ते चार मिनिटांचं टाबाटाचं खूळ! इझुमी टाबाटांचा 1996 चा प्रयोग सायकलवर झाला होता. 20 सेकंद जीव तोडून पायडल, 10 सेकंद थांबा, अशा सात-आठ फैरी, अगदी पाय चालेनासे होईपर्यंत. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्यातही एक दिवस अर्धा तास सलग सायकल होतीच. तू चार मिनिटं जागच्या जागी उड्या मारतोस आणि लांब पल्ल्याची धाव बुडवतोस. प्रयोगाचं नाव घ्यायचं आणि त्यातले कष्ट सोडायचे, ही फसवणूक आहे. तीही स्वतःची.

प्रथिनांचं म्हणशील तर व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम पुरतात. तुझ्या 60 किलोंना शंभरेक ग्रॅम झाले. घरात म्हैस दुभती आहे, कोंबड्या आहेत, मटकी-शेंगदाण्यांना तोटा नाही. व्हे पावडर वाईट नाही, तीही दुधातूनच काढतात. पण ताटातली उसळ टाकून पावडर कालवायची, हे मला खपणार नाही.

आता जे सांगतो ते कान उघडे ठेवून ऐक. कोलोनच्या प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये 13 देशांतून घेतलेली 634 सप्लिमेंट्स तपासली. त्यांतल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेली, शरीरात स्टिरॉइड हार्मोन बनवणारी द्रव्यं निघाली. पुढे स्पर्धांत उतरायचं म्हणतोस. तिथे उत्तेजक चाचणीत नमुना सदोष निघाला तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची.

तुझी वही दाखव. कोरी! काल मी बांधावर उभा राहून वेळ घेतली: पहिली फेरी 68 सेकंद, दुसरी 80, तिसरी 88, चौथी 92. एकूण 5 मिनिटं 28. तुला हवेत 5:10, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर. पहिल्याच फेरीत उधळतोस आणि मग पाय ओढत येतोस. यावर कुठल्याच डब्यात औषध नाही. तुझ्या पायांत दम आहे, म्हणून तर एवढा जीव जळतो माझा.

डबा दुकानदाराला परत दे. नाही घेतला तर इथे आणून दे, कपाटात ठेवीन. आज नऊला झोपायचं. उद्या पहिली फेरी 76 च्या आत संपवलीस तर तिथेच शिट्टी वाजवून थांबवीन आणि पुन्हा पहिल्यापासून पळवीन. प्रत्येक फेरीची वेळ तुझ्या हाताने वहीत लिहायची. जा आता.