काचेआडचे देव

पाटन हे जबलपूरच्या वायव्येस, मटारच्या शेतांनी वेढलेले गाव. तेथील आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक आहेत. खंडोबा, भवानी, दोन वीर पूर्वज, आणि एक इतका झिजलेला की तो कोणाचा हे सांगता येत नाही. घरात आता आम्ही उभयताच असतो. परगावी असलेल्या मुलाने मागे सुचविले की, टाक एखाद्या संग्रहालयाला द्यावेत. तेथे ते निदान सुरक्षित राहतील. सूचनेत अनादर नव्हता, आणि म्हणूनच तिला उत्तर देणे मला अवघड गेले.

पुढे भोपाळला जाणे झाले तेव्हा तेथील राष्ट्रीय मानव संग्रहालय मुद्दाम पाहिले. १९७७ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९७९ मध्ये भोपाळला आली आणि मोठ्या तलावाकाठी श्यामला टेकडीवर सुमारे २०० एकरांत पसरली. निरनिराळ्या आदिवासी जमातींची घरे तेथे उघड्यावर उभी आहेत, आणि ती त्या त्या जमातींच्या माणसांनी येऊन बांधलेली आहेत. काचेच्या कपाटातील मूर्तीला कोणाच्या हाताची गरज उरत नाही. मातीची भिंत मात्र पावसाळा सरला की लिंपणारा हात मागते. हा भेद मला मोठा वाटला. तथापि त्या घरांत चूल पेटत नाही, हेही खरेच.

अशाच एका सारवलेल्या अंगणात उभा असता मन ओशाळले. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराच्या सैन्याशी लढताना पडली, तरी तिचे गोंड राज्य त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ टिकले. त्याचा शेवट १७८१ मध्ये केला तो सागरच्या मराठ्यांनी. हा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि नंतर इंग्रजांकडे गेला. आमचे पूर्वज त्याच धामधुमीत, टाक कमरेला बांधून इकडे आले, असे घरात सांगत. ज्यांचे राज्य आपल्या माणसांनी घेतले, त्यांचे घर आपण तिकीट काढून पाहावे आणि 'किती सुंदर!' म्हणावे, ह्यात रसिकता किती आणि निर्ढावलेपणा किती? अर्थात पश्चात्तापही तिकिटाइतकाच स्वस्त असू शकतो, ही शंकाही तेथेच आली.

गोंडांचे परधान बाणा नावाचे तीन तारांचे वाद्य वाजवितात. परधानाने यजमानाच्या दारी यावे, बडा देवाला आळवावे, गोंड राजांच्या कथा गाव्यात, आणि यजमानाने त्याला धान्य वा गुरे द्यावीत, अशी रीत होती. राज्य गेले, यजमान दरिद्री झाला, आणि पुष्कळ परधान मजुरीला लागले. आता त्यांचा बाणा काचेआड ठेवला तर जतन काय झाले? लाकूड आणि तारा. ज्याच्या दारी तो वाजावयाचा तो यजमान काही जतन झाला नाही. कोणी म्हणेल, वाळवीने खाल्ला असता त्यापेक्षा हे बरे. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही; उद्या एखादा परधान मुलगा तो पाहून नवा बाणा घडवील, हेही अशक्य नाही. माझी तक्रार संग्रहालयाशी नाहीच. वस्तू सोपविली की तिच्याशी जडलेले कर्तव्य फिटले, असे मानणाऱ्या मनाशी आहे; आणि ते मन, खरे सांगावयाचे तर, मुलाइतकेच माझेही आहे. रोजच्या पूजेचा मलाही आता शीण होतो.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. ताम्हणात विड्याची पाने, खोबरे, भंडारा आणि खंडोबाचा टाक. ती उचलावयास पाच जण हवेत. गेल्या खेपेस घरात पुरुष मी एकटा. शेजारची चार मुले बोलाविली, त्यांतला एक गोंडाघरचा. 'येळकोट' हा शब्द त्याने दोनदा विचारून घेतला आणि मग सर्वांत मोठ्याने तोच ओरडला. भंडारा त्याच्या मनगटापर्यंत माखला होता.

टाक अद्याप देव्हाऱ्यातच आहेत. मुलाला मी अजून काही कळविलेले नाही.