पुस्तक गुरू होऊ शकते का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

बँकेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी चित्र काढायला शिकतो आहे, आणि तेही पुस्तकावरून. रंकाळ्यावर सकाळी फिरताना भेटणारे आमचे एक मित्र जन्मभर ड्रॉइंग मास्तर होते. त्यांना हे कळले तेव्हा ते हसून म्हणाले, "अण्णा, पुस्तक वाचून कधी पोहता येतं का हो? गुरू पाहिजे, गुरू!"

दत्तभक्ताला हा टोला वर्मी लागतो. गुरुद्वादशी पाळायची, गुरुचरित्राचा सप्ताह करायचा आणि विद्या मात्र निगुरी घ्यायची, हे बरोबर का? सहा महिने हा प्रश्न डोक्यात आहे. जे सुचले ते वाचकांपुढे ठेवतो.

पुस्तक मुलीने वाढदिवसाला दिले. बेटी एडवर्ड्स या अमेरिकेतल्या कलाशिक्षिकेचे हे पुस्तक १९७९ साली प्रथम निघाले. त्यात पिकासोने काढलेले संगीतकार स्ट्राविन्स्की यांचे रेखाचित्र दिले आहे. बाई सांगतात, हे चित्र उलटे ठेवा आणि तसेच उतरवा. नाक, हात, चष्मा अशी नावे मनात आणू नका, नुसती रेघ कुठून कुठे जाते ते बघा. मी तसे केले. दोन तासांनी वही सरळ केली तर खुर्चीत बसलेला माणूस बऱ्यापैकी उतरला होता. तोच सरळ बघून काढला होता, तेव्हा लहान मुलाने काढावा तसा झाला होता. कारण सरळ चित्रात मी बघतच नव्हतो. डोळा कसा असतो, हात कसा असतो हे मला 'माहीत' होते, तेच कागदावर उतरत होते.

मग मी आठवणीने औदुंबर काढला. चाळीस वर्षे नृसिंहवाडीला जातो, औदुंबराला प्रदक्षिणा घालतो. फांद्यांच्या टोकाला, आंब्यासारखी उंबरे लोंबताना दाखवली. पुढच्या पौर्णिमेला वही घेऊन वाडीला गेलो आणि लाजलो. उंबरे खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाघोसाने चिकटलेली असतात. चाळीस वर्षांच्या प्रदक्षिणा घातल्या, पण झाड पाहिलेच नव्हते.

झाडाचे एक वेळ राहू दे. त्या दिवशी बँकेतली एक गोष्ट आठवली, तिने मात्र झोप उडवली. आमच्या कामात सही पडताळणे मोठे जोखमीचे. आमचे एक जुने साहेब सांगायचे, शंका आली तर चेक आणि नमुना सहीचे कार्ड दोन्ही उलटे धरा, म्हणजे नाव वाचले जात नाही, वळणे दिसतात. त्या नजरेचा मला अभिमान होता. एकदा भर दुपारच्या गर्दीत एक म्हातारी पेन्शनचे पैसे काढायला आली. सही जुळेना. मी तीनदा करायला लावली आणि म्हणालो, "मावशी, ओळखीचं माणूस घेऊन या." पुढच्या आठवड्यात ती भाच्याला घेऊन आली, तेव्हा कळले की तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. तो हात माझ्या काउंटरवरच होता. सही न जुळता पैसे देता येत नव्हते, नियम बरोबरच होता. पण तिला आत साहेबांकडे नेऊन, साक्षीदारासमोर अंगठा घेता आला असता. मी सहीची वळणे बघितली, हात बघितला नाही. आठ दिवस तिने कसे काढले असतील?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या कोल्हापूरचेच बघा. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रीतसर शिकून आले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत. आनंदराव पेंटरांबरोबर खटपट करत चित्र, शिल्प, पडदे शिकले, देशी कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. एकाला शाळा होती, एकाला नव्हती. बघणे मात्र दोघांनाही स्वतःच करावे लागले.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत टीका पूर्ण केली. त्या चोवीसांत पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगर आहे. बाण घासण्यात इतका गढलेला कारागीर आहे की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. यांतल्या कुणीही अवधूताला शिष्य केले नव्हते. तो नीट बघत राहिला, म्हणून ते गुरू झाले.

म्हणून मला वाटते, पुस्तक गुरू नव्हे. पुस्तक नुसते बोट दाखवते, 'तिकडे बघ' म्हणते. माझ्या चुकीचे माप खरे घेतले ते वाडीच्या औदुंबराने, आणि त्या मावशीच्या हाताने. आपल्याला सगळे माहीत आहे हा भ्रम सोडल्याशिवाय यांतले कुणीच गुरू होत नाही.

मास्तरांचेही एक खरे आहे. पुस्तकाला माझी वही दिसत नाही. ते 'चुकलं' म्हणत नाही, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय अहंकार जात नाही. आता दर रविवारी मी वही त्यांच्यापुढे ठेवतो. परवा औदुंबर दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "घोस झकास आलाय. खोडाकडे परत एकदा जाऊन बघा." मी "होय मास्तर" म्हणालो.

दत्तमहाराज रोज दुपारी भिक्षेला करवीरात येतात, अशी आपली श्रद्धा आहे. कोणत्या रूपात येतात ते कुणी सांगितलेले नाही. ती मावशीही दुपारीच आली होती. या दत्तजयंतीपासून एवढेच ठरवले आहे, की दारात कुणी आले तर आधी नीट बघायचे आणि मग बोलायचे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!