पाचवं अक्षर

पाचगणीच्या पावसात कपडे वाळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागद कुजतो, ते मात्र गणपती गेल्यावर कळतं. टेबललँडवरून उतरलेलं धुकं खिडकीतून आत येतं, पेटीत शिरतं, गादीखालच्या लखोट्यात शिरतं. मग स्ट्रॉबेरीची रोपं लावायची वेळ येते, बँकेत कर्जाचे कागद करायचे असतात आणि साहेब म्हणतात, "पॅनकार्डाची झेरॉक्स द्या." पेटी उघडावी तर कार्ड जागेवर नाही, आणि कार्डासोबत आलेलं आयकर खात्याचं पत्र रेशनकार्डाला चिकटून त्याचा लगदा झालेला.

"आता काय करायचं?" या प्रश्नाला घाटावर आणि घाटाखाली वाईच्या पेठेत एकच उत्तर मिळतं: एजंटाला गाठा.

माझं त्या एजंटाशी भांडण नाही. तो त्याचं पोट भरतो. भांडण आपल्याशीच आहे, कारण हे काम मुळात किती छोटं आहे ते पाहा. कार्ड हरवलं म्हणजे नंबर हरवत नाही. पॅन जन्मभर एकच राहतो. तो बँकेच्या नोंदीत असतो, जुन्या रिटर्नच्या पावतीवर असतो, पगारदाराच्या फॉर्म १६ वर असतो. ज्या संस्थेकडून कार्ड निघालं, म्हणजे प्रोटिअन (पूर्वीची एनएसडीएल) किंवा यूटीआयआयटीएसएल, तिच्या संकेतस्थळावर नंबर, आधार आणि जन्मतारीख भरायची. शुल्क ५० रुपये. आयकर खात्याकडे जो पत्ता नोंदवलेला आहे, तिथे टपालाने नवं कार्ड येतं. नावात, तारखेत काही बदलायचं नसेल तर एकही कागद जोडावा लागत नाही.

पण आपण हे करत नाही. त्याहून वाईट म्हणजे कित्येक जण 'हरवलं ना, मग नवीन काढू' म्हणून पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरतात. एका माणसाने दोन पॅन बाळगले तर कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. पन्नास रुपयांच्या कामाला दहा हजारांची टांगती तलवार लावून घ्यायची, आणि वर सरकार छळतं म्हणायचं.

खरी मेख पुढे आहे. नव्या कार्डाच्या छपाईचा हा अर्ज भरताना ओटीपी येतो, आणि तो येतो नोंदवलेल्या मोबाइलवर. हा मोबाइल कुणाचा? पॅन काढताना ज्याने फॉर्म भरला, त्याने सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकलेला असतो. एजंटाचा, ठेकेदाराचा, दिराचा, नवऱ्याचा. कागद माझा, नाव माझं, फोटो माझा, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. कार्ड हरवलं तेव्हा आपण परावलंबी झालो असं वाटतं. प्रत्यक्षात फॉर्मवर न वाचता सही केली त्या दिवशीच झालो होतो.

जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं याच सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी कुलकर्णी आणि कारकून निरक्षर शेतकऱ्याला कागदात कसं गुंडाळतात, हे तपशिलात मांडलं. तेव्हा शेतकऱ्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून अक्षर हा उपाय होता. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच जिल्ह्यात काले इथे रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. आज घराघरात बारावी झालेली मुलं आहेत, पाचगणी तर शाळांसाठीच ओळखली जाते, आणि शेजारच्या भिलारला २०१७ पासून सरकारने पुस्तकांचं गाव वसवलं आहे. अक्षर आलं. पण स्वतःच्या नावाचा कागद स्वतः वाचायची सवय आली नाही. फुल्यांच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आपल्याला येतं आणि तरी आपण 'तुम्हीच भरा, मी सही करते' म्हणतो. या दोहोंत दोष कुणाचा मोठा, ते ज्याने त्याने ठरवावं.

बायकांच्या बाबतीत हे अधिक बोचतं. पॅनची बांधणी अशी: आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. व्यक्ती असेल तर पी, ट्रस्ट असेल तर टी. पाचवं अक्षर आडनावाचं. शिंदे असताना पॅन काढलं असेल तर पाचवं अक्षर एस. लग्न झालं, ती पवार झाली, कार्डावर नाव बदलून घेतलं, तरी नंबरातला एस तसाच राहतो. सासरचं कुणीही, अगदी सरकारसुद्धा, तो पुसत नाही. कार्डावर नवऱ्याचं नावही नसतं. विवाहितेनेही वडिलांचंच नाव द्यायचं असतं. आणि ५ डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असेल तर वडिलांच्या नावाची सक्तीही गेली, आईचं नाव पुरतं.

म्हणजे कायद्याने बाईला एक अशी ओळख दिली आहे जी लग्नाने बदलत नाही. आणि आपण काय करतो? ते कार्ड नवऱ्याच्या पाकिटात किंवा सासऱ्यांच्या कपाटात ठेवतो, मोबाइल नंबर त्यांचा टाकतो, आणि तिला विचारलं तर ती म्हणते, "ह्यांना ठाऊक." सरकारी फॉर्म आपल्या घरापेक्षा पुढारलेला निघावा, याची मला तरी लाज वाटते.

घरात जे होतं तेच संस्थेत. बचत गटाला स्वतःचा पॅन असतो, पण त्याचं पत्र माजी अध्यक्षांच्या घरी. पगारातून कर कापणाऱ्या शाळेला टॅन हा वेगळा नंबर घ्यावा लागतो, आणि त्याचं पत्र ज्या सेक्रेटरींच्या फायलीत होतं ते विश्वस्तांशी बिनसल्यावर फाइल घेऊन गेलेले. टॅनचा नंबर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावावरून फुकट शोधता येतो, हे वाद घालणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नसतं. कागद अडवून ठेवणं हा आपल्याकडे सत्तेचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनाही करखात्याकडून नंबर घ्यावा लागतो. तो दिल्याचं मूळ पत्र, त्यांच्या भाषेत सीपी ५७५, एकदाच येतं. पुन्हा मिळत नाही. हरवलं तर फोन करून '१४७ सी' नावाचं खातरजमेचं पत्र मागवायचं. पण फोनवर खात्याचे लोक संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेल्या माणसाशीच बोलतात, आणि कार्यकारिणी बदलली तरी जबाबदार व्यक्तीचं नाव खात्याला कळवायचं राहून गेलेलं असतं. मग जुन्या खजिनदारांना शोधत फिरा.

तेव्हा माझी सूचना अगदी घरगुती आहे. संक्रांत येते ती स्ट्रॉबेरीच्या भर हंगामात, हवा कोरडी असते, कागद वाळलेले असतात. हळदीकुंकवाचं वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आता पुरे झाल्या. झिप लागणारी जाड प्लास्टिकची पिशवी द्यावी, ए-फोर कागद मावेल एवढी. प्रत्येकीने आपलं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागून घ्यावं आणि त्या पिशवीत ठेवावं. नंबर आपल्या हाताने वहीत लिहावा, व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नये. शेजारच्या बारावीच्या मुलीने मोबाइल घेऊन तिथेच बसावं आणि जिचा नंबर दुसऱ्याचा टाकलेला असेल तिच्या दुरुस्तीचा अर्ज भरायला लागावं. तिला मात्र तिळगूळ दोनदा द्यावा. गटाच्या पॅनचं पत्र अध्यक्षांनी सगळ्यांसमोर आणून ठेवावं आणि त्याची झेरॉक्स ठरावाच्या वहीत चिकटवावी.

आणि या हळदीकुंकवाला जिचा नवरा गेला आहे तिला आवर्जून बोलवावं. कपाटातली किल्ली शोधण्यापासून सगळी सुरुवात तिलाच करावी लागते, तीही तेराव्याच्या आत.