दुर्मिळ व्याधी आणि उपचारांचा विवेक

नल्लकुंट्यातील फीवर दवाखान्याशी आपल्यापैकी बहुतेक जुन्या घरांचा कधी ना कधी संबंध आलेला आहे. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू शोधणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांचे नाव या संस्थेला दिलेले आहे. तेथील ज्ञान गर्दीतून येते. तेच ताप असंख्य रुग्णांत पाहिल्यामुळे कोणत्या उपायाने माणूस वाचतो, हे बऱ्याच निश्चितपणे सांगता येते. परंतु ज्याचा रोग लाखांत एखाद्यालाच होतो, त्याने कोणाच्या अनुभवावर विसंबावे?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो काकांच्या आजारात. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत त्यांना फिओक्रोमोसायटोमा नावाचे दुर्मिळ अर्बुद झाले होते. ते काढल्यावर काही वर्षांनी रोग पाठीच्या मणक्यांत उतरला आणि पाय जड पडू लागले. हे अर्बुद रक्तदाब वाढविणारी द्रव्ये स्रवते. पूर्वतयारीची औषधे न देता त्यास शस्त्र लावल्यास प्राणावर बेतू शकते. मेरुरज्जूवरील दाब त्वरेने हटवावा, तर ती त्वराच घातक!

नित्याच्या कर्करोगांत वाट पुष्कळशी आखलेली आहे. मेरुरज्जू दाबला गेलेल्या १०१ रुग्णांचा तौलनिक अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व नंतर किरणोपचार घेतलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. चालण्याची शक्ती पहिल्या गटात मध्यकाने १२२ दिवस टिकली, दुसऱ्यात १३ दिवस. येथे प्रामुख्याने मोजले गेले ते स्वतःच्या पायांनी चालण्याचे दिवस, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुर्मिळ अर्बुदांचे असे शंभर रुग्ण एकत्र मिळणेच कठीण. युरोपात वर्षाला लाखात सहांहून कमी लोकांना होणारा कर्करोग दुर्मिळ मानतात. मात्र असे सर्व कर्करोग एकत्र केले तर एकूण कर्करोगांचा सुमारे पाचवा हिस्सा भरतो. म्हणजे एकाकी रुग्णांची संख्या काही थोडी नव्हे.

ग्रंथ मौन धरतात तेव्हा दोन मोह होतात. ‘सर्व काही करून पाहू’ हा एक. त्यात पुष्कळदा रुग्णाच्या हितापेक्षा आप्तांचे समाधान अधिक असते. ‘आता काही उरले नाही’ हा दुसरा. त्यात अज्ञानालाच निर्णय समजले जाते. वस्तुतः पुराव्याचा अभाव ही परवानगीही नव्हे आणि मनाईही नव्हे. अशा वेळी उरतो तो एकच साक्षीदार, स्वतः रुग्ण. आणि आपल्या घरांतून त्यालाच प्रथम वगळले जाते.

आम्हीही तेच केले. शस्त्रक्रिया ठरवून मोकळे झालो आणि काकांना ‘किरकोळ आहे’ असे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “ठरवलंत तुम्ही मंडळींनी; पण चालायचं कुणाला आहे?” त्यांनी वैद्यांकडून सर्व समजून घेतले, शस्त्रक्रिया नाकारली आणि किरणोपचार व वेदनाशमन स्वीकारले. तो निर्णय योग्य होता का, हे मी आजही सांगू शकत नाही. तो त्यांचा होता, एवढे मात्र निश्चित.

वेदनाशमन म्हणजे पराभव, ही समजूतही सोडली पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फीन रुग्णांनाही दुर्लभ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सुलभ केली. आपल्या रेड हिल्समधील मेहदी नवाज जंग कर्करोग दवाखान्यात उपशामक चिकित्सेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, ही हैदराबादकरांना भूषणावह गोष्ट होय.

आणखी एक कर्तव्य उरते. अशा रुग्णाच्या आजाराची नोंद त्याच्या संमतीने जपली जावी व अभ्यासकांपर्यंत पोहोचावी. फीवर दवाखान्यात ज्ञान गर्दीतून आपोआप साठते. येथे ते एकेका घराने दिले तरच साठेल. काकांनी आपले कागद स्वतः लावून ठेवले होते. पुढच्याला निदान एकाचा तरी अनुभव हाताशी असावा, एवढाच त्यांचा हेतू होता.